गावातला व, कामातला म

‘मावळचे मामलेदार’ हे दोन शब्द जरा मोठ्यानं म्हणा बघू, बाळांनो. आता तहसीलदार म्हणतात, पण वडगावच्या कचेरीत हेलपाटे घातलेली माझ्या पिढीची माणसं अजून मामलेदारच म्हणतात. म्हटलंत? मग ऐका. यातला पहिला शब्दही एके काळी ‘माम’ असाच सुरू व्हायचा. दोन्ही शब्द शेजारी ठेवले असते तर भाऊ भाऊ वाटले असते. पण एकाच्या पोटातला म गेला आणि तिथं व आला, ल गेला आणि तिथं ळ आला. दुसऱ्यातला म आणि ल जागचे हललेही नाहीत. हे कसं झालं, त्याची गोष्ट आज सांगतो. गोष्टीत राजा आहे, डोंगर आहे, आणि मराठीचं अक्षरही न समजणारं एक यंत्र आहे.

आधी डोंगराकडे जाऊ. मळवली स्टेशनवर उतरलं की एका अंगाला भाज्याची लेणी, आणि दुसऱ्या अंगाला हमरस्ता ओलांडून कार्ल्याची. पायथ्याला वेहेरगाव. एकवीरेच्या दर्शनाला आपण पायऱ्या चढून जातो, तेव्हा देवळाला लागूनच ते मोठं चैत्यगृह दिसतं. छताच्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षं टिकून राहिल्यात, त्या पाहून सगळे तोंडात बोट घालतात. मला मात्र तिथल्या ओवरीतल्या भिंतीवरची अक्षरं जास्त नवलाची वाटतात. ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत. सातवाहन राजाचा हुकूम आहे तो. राजाचं नाव तुटून गेलंय, पण अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. राजा आपल्या अमात्याला सांगतो, वलूरक इथल्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी उत्तरेच्या वाटेवरचं करजक नावाचं गाव देऊन टाक. वलूरक म्हणजे आजचं कार्ल्याचं लेणं. आणि हे करजक कुठं आहे? तर ‘मामाल’ आहारात. आहार म्हणजे आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा भाग. एमिल सेनार्त या फ्रेंच पंडितानं हे सगळे लेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात छापले.

मामाल. तोच आपला मावळ.

सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख म्हणून मावळ, असं तुम्ही शाळेत ऐकलं असेल, मीही ऐकलं होतं. ऐकायला ते छान आहे. पण दगडावर त्याच डोंगरपट्ट्याचं नाव मामाल असं कोरलेलं असताना मी दगडाचं ऐकतो. आणखी एक गंमत बघा. त्या एकाच हुकुमात हे नाव दोनदा आलंय, एकदा ‘मामाड’ असं आणि एकदा ‘मामाल’ असं. कोरणाऱ्याचा हात चुकला असेल म्हणून सोडून देता येईल, पण मला तसं वाटत नाही. लोकांच्या तोंडचा तो आवाज ड आणि ल यांच्या अधेमधे कुठंतरी असणार. जीभ टाळूकडे वळवून ड आणि ल यांच्या मधला आवाज काढून बघा. काय निघालं? ळ!

आता त्याच ओळीतले इतर शब्द बघू. गावाला तिथं ‘गाम’ म्हटलंय. संस्कृतात ग्राम, लेण्यात गाम, आपल्या तोंडी गाव. म्हणजे ग्राममधला र तोवर गळून गेला होता, म अजून शाबूत होता. मामालमधलाही म शाबूत होता. पुढं दोघांचा व झाला. नामचं नाव झालं, आमलकचा आवळा झाला, श्यामलचा सावळा झाला. आवळा, सावळा, मावळ! ऐका, तिन्ही शब्दांत म होता तिथं व आहे आणि ल होता तिथं ळ. कुणा राजानं असा हुकूम काढला नव्हता. हजारो तोंडांनी, शेकडो वर्षं, एकमेकांना न विचारता एकच फेरफार केला. झाडाच्या पानांची मांडणी जशी नेमानं चालते तसाच नेम इथं चालतो, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

असं का होतं तेही तुमच्या तोंडातच आहे. म म्हणताना ओठ घट्ट मिटतात आणि वारा नाकातून जातो. मागे आ, पुढे आ, म्हणजे तोंड उघडं. मध्येच क्षणभर ओठ मिटायचे. घाईत ओठ पुरते मिटत नाहीत, नुसते जवळ येतात, आणि तिथं व निघतो. वारा मात्र नाकातून जातच असतो. म्हणून जुनी माणसं ‘गांव’ आणि ‘नांव’ नाकातून म्हणत, कोकणीत अजून तसंच म्हणतात. माझ्या शाळेच्या पुस्तकांत या शब्दांवर टिंब असे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, तेव्हा ते टिंब गेलं. ते टिंब म्हणजे हरवलेल्या म चा शेवटचा अवशेष होता.

इथं धाकट्यानं विचारलं, “मग आजोबा, काम चं काव का नाही झालं?”

शाब्बास! या एका प्रश्नात अर्धं भाषाशास्त्र आहे. काम, घाम, चाम. तिन्ही शब्दांत आ नंतर एकटाच म आहे, आणि तिन्ही शब्दांत तो ठाम उभा आहे. नियम मोडला म्हणायचा का? नाही. हे शब्द कुठून आले ते बघा. कर्म, घर्म, चर्म. प्राकृतात त्यांचं झालं कम्म, घम्म, चम्म. तिथं म जोडीनं होता. आरशासमोर उभं राहून आधी ‘आमा’ म्हणा, मग ‘अम्मा’ म्हणा. दुसऱ्या वेळी ओठ किती वेळ मिटून राहतात! जोडीतला म सैल पडत नाही. म्हणून ज्या काळात एकेरी म चा व होत होता, त्या काळात कम्मला काही झालं नाही. त्यानंतर केव्हातरी मराठीनं सगळ्या जोड्या सोडवल्या. एक म उरला, आणि त्याच्या बदल्यात आधीचा अ लांब होऊन आ झाला. कम्मचं काम, सत्तचं सात, अट्ठचं आठ, हत्थचा हात. हे जर उलट्या क्रमानं घडलं असतं, आधी कम्मचं काम झालं असतं आणि मग म चा व, तर आज आपण शेतात ‘काव’ करायला गेलो असतो आणि अंगाला ‘घाव’ आला असता.

म्हणजे आवाजाच्या नियमांना नुसतं असणं पुरत नाही, त्यांना क्रम असतो. आणि तो क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही. शब्दांतूनच तो काढावा लागतो.

पूर्वी हे काम माणसं हातानं करत. ज्यूल ब्लोक नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं मराठी कशी घडली यावरचा ग्रंथ १९२०मध्ये छापला. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून म. अ. मेहेंदळे यांचं कोरीव लेखांतल्या प्राकृताचं ऐतिहासिक व्याकरण १९४८मध्ये निघालं. कार्ले, भाजे, नाशिक, जुन्नर, कुठल्या लेण्यात कुठला शब्द कसा कोरलाय, ते एकेक अक्षर वेचून त्यांनी मांडलं. राल्फ टर्नर यांनी १९६६पर्यंत भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश पुरा केला. चौदा हजारांहून जास्त नोंदी. एका संस्कृत शब्दाखाली मराठीत काय झालं, गुजरातीत काय, सिंधीत काय, बंगालीत काय, ते ओळीनं दिलंय. या माणसांनी डोळे फोडून जमवलेलं हे सगळं नसतं, तर पुढं येणाऱ्या यंत्राला खायला काही मिळालं नसतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण यंत्राचं कौतुक करताना या माणसांचं नाव लोक विसरतात.

आता यंत्र. त्याला मराठी येत नाही, संस्कृत येत नाही. त्याला येते मोजदाद. आपण त्याला जोड्या देऊ. ग्राम आणि गाव, नाम आणि नाव, कर्म आणि काम, आणखी शेकडो. पण अक्षरं देऊन चालणार नाही, आवाज द्यावे लागतील. ‘मावळ’ असं लिहितो तेव्हा शेवटच्या ळ मध्ये लिपीच्या हिशेबानं एक अ आहे, पण तो आपण म्हणत नाही. यंत्राला ते आधी शिकवावं लागतं. मग प्रत्येक आवाजाचं वर्णन द्यायचं: ओठ लागतात का, वारा नाकातून जातो का, वाट पुरती बंद होते का, कंठ थरथरतो का. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. आपली वर्णमाला अशाच उत्तरांनी रचलेली आहे. क ख ग घ ङ एका ओळीत का, प फ ब भ म एका ओळीत का, ते तोंडात जीभ फिरवून बघा. या मांडणीमुळे म पासून व किती जवळ आणि ख किती लांब, हे यंत्राला आकड्यात कळतं.

मग यंत्र दोन शब्द एकाखाली एक मांडतं आणि आवाजाखाली आवाज लावतं. कमीत कमी किती आवाज बदलले, घातले किंवा काढले म्हणजे वरच्याचा खालचा होईल, हे मोजायची रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५मध्ये मांडली. यंत्राला पुन्हा पुन्हा म खाली व दिसतो. लगेच ते नियम करतं: म चा व. काम, घाम, चाम येतात आणि नियम आपटतो. मग यंत्र शेजारपाजार बघायला लागतं. म च्या आधी काय होतं, नंतर काय होतं? ज्या शब्दांत म टिकलाय त्या सगळ्यांत आधी र होता. म्हणजे म एकटा नव्हता.

इथवर ठीक. खरी मजा पुढं आहे. ल बघा. एकेरी ल चा ळ झाला: फलचं फळ, कुलचं कूळ, कालचा काळ. पण ‘काल आलो’ म्हणतो त्यातला काल? तो संस्कृत कल्यपासून आला, प्राकृतात कल्ल. जोडीचा ल, म्हणून तो ल राहिला. काळ आणि काल, दोघांत एवढाच फरक. न बघा. पानीयचं पाणी झालं, स्थानचं ठाणं झालं, एकेरी न चा ण. आणि पर्णचं पण्ण होऊन पान, कर्णचं कण्ण होऊन कान, अरण्यचं रण्ण होऊन रान. संस्कृतात पाण्यात न होता आणि पानात ण होता, मराठीनं दोघांची अदलाबदल केली! ग बघा. नगरमधला एकेरी ग पार विरघळला आणि उरलं नेर. संगमनेर, पारनेर, अमळनेर. पण मार्गचं मग्ग होऊन माग झालं, जनावराचा माग काढतात तो. तिथं ग टिकला.

म, ल, न, ग, चार वेगळे नियम दिसतात. यंत्र असं बांधलेलं असतं की त्यानं थोडक्यात थोडकं सांगावं. चार नियम लिहायला जास्त जागा लागते, म्हणून ते चारही एकत्र गुंडाळतं: दोन स्वरांमधला एकटा आवाज सैल पडतो, जोडीचा टिकतो, आणि सगळ्यांत शेवटी जोडी सुटते. मग नियमांचे वेगवेगळे क्रम लावून सगळे शब्द पुन्हा चालवून बघतं. ज्या क्रमात काव आणि घाव निघतात तो क्रम बाद. उरतो तो क्रम भाषेचा.

आता कार्ल्याच्या दगडाकडे परत बघा. तिथं वाटेसाठी ‘मग’ असं कोरलंय, एकच ग. कोरणाऱ्यांची रीतच होती, जोडीचं अक्षर एकदाच लिहायचं. अमात्यचं अमच्च, ते नुसतं ‘अमच’ लिहिलंय. पण आपल्याला ठाऊक झालंय की ते मग्ग म्हणत होते, कारण एकच ग असता तर नगरसारखा तो आज विरघळलेला असता. ज्या आवाजाची खूण दगडावर नाही, तो आवाज आजच्या ‘माग’ या शब्दातून परत ऐकू येतो. इतकं मोठं नवल मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात क्वचितच दिसलंय.

काही शब्द तरी उरतातच. ग्रामपंचायतीच्या पाटीवर ग्राम आहे आणि गावाच्या नावात गाव आहे, दोन्ही एकाच पाटीवर. मामला, जमीन, इमारत, हमाल यांच्यातला म एकेरी असून हलला नाही. माळ झाली ती मालेची, पण बाजारात येतो तो माल मालच. यंत्र असे शब्द बाजूला काढून ढीग करतं. तो ढीग उचलून बघितला की त्यात अरबी-फारसीतून आलेले शब्द सापडतात, आणि पोथ्यांतून पुन्हा आणलेले संस्कृत शब्द सापडतात. नियम म्हणजे लोणावळ्याहून सुटणारी लोकल समजा. त्या वेळी जे शब्द फलाटावर होते ते चढले आणि बदलले. मामला फलाटावर पोचला तेव्हा गाडी निघून गेली होती. म्हणून मावळ बदलला, मामलेदार राहिला. यातून गाडीची वेळही कळते. कार्ल्याच्या दगडावर अजून गाम आहे, आणि १२९०मधल्या ज्ञानेश्वरीत गांव आहे. फारसी शब्दांचा लोंढा त्यानंतरचा. म्हणजे बदल या दोहोंच्या मध्ये घडून, संपूनही गेला. कमळासारखे काही शब्द एक नियम पाळतात आणि दुसरा पाळत नाहीत. यंत्र त्यांच्यावर खूण करतं, आणि अभ्यासकाचं अवघड काम तिथून पुढं सुरू होतं.

क्रमानं लावायचे नियम आपल्याला नवे नाहीत. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांत शेवटच्या तीन पादांची रचना अशीच आहे: पुढच्या सूत्रानं जे केलं ते मागच्या सूत्राला दिसत नाही. १९७२मध्ये डग्लस जॉन्सन यांनी, आणि नंतर १९९४मध्ये रोनाल्ड कॅप्लन व मार्टिन के यांनी दाखवून दिलं, की असे ओळीनं लागणारे आवाजाचे नियम अगदी साध्या यंत्रात बसतात, आणि ते यंत्र उलटंही चालवता येतं. २०१३मध्ये अलेक्झांडर बुशार-कोते आणि त्यांच्या सोबत्यांनी पॅसिफिक बेटांच्या बाजूच्या ६३७ भाषांचे शब्द संगणकाला देऊन त्यांच्या आजीभाषेचे शब्द काढले. पंडितांनी हातानं काढलेल्या रूपांशी ताडून बघितलं, तर शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त शब्द फार तर एका आवाजानं चुकत होते. आपल्या भाषांवरही हे काम चाललंय. चुंद्र कॅथकार्ट यांनी टर्नर यांच्या कोशातले शब्द घेऊन भारतीय आर्य भाषांतल्या आवाजांच्या बदलांचा संभाव्यतेच्या गणितानं अभ्यास केलाय.

पण उलटं चालवताना एक अडचण येते. गाव मधला व म पासून आला. दिवा मधला व दीपातल्या प पासून आला. आणि जीव मधला व मुळातच व. म्हणजे नुसता ‘मावळ’ हा शब्द यंत्राला दिला आणि मूळ विचारलं, तर ते मामल म्हणेल, मापल म्हणेल, मावलही म्हणेल. तिन्ही नियमात बसतात. यंत्र सांगतं ते ‘असं होऊ शकतं’ एवढंच. ‘असं होतं’ हे सांगायला दगड लागतो, ताम्रपट लागतो, जुना दस्त लागतो. मावळच्या बाबतीत आपलं नशीब थोर, दगड आपल्याकडे आहे.

लोणावळ्याचं बघा ना. लेणी आणि आवळी, लेण्यांची ओळ, म्हणून लोणावळा, असं सांगतात. आवलीचं आवळी होणं नियमात चोख बसतं. लयनचं लेण होणंही बसतं, आपल्या इकडच्या जुन्या लेखांत लेण हा शब्द आहेच. पण लेण चं लोण? ए चा असा ओ झालेले शब्द रांगेनं दाखवता येत नाहीत तोवर मी ते मान्य करणार नाही. लोण म्हणजे मीठ, लवणपासून. अव चा ओ होणं मात्र नियमातलं. म्हणून नाव मिठावरूनच पडलं असं म्हणायचं का? मुळीच नाही. नियमात बसलं म्हणजे घडलं असं होत नाही, हे आत्ताच बोललो. लेणीवाल्यांनाही तेच लागू आणि मीठवाल्यांनाही.

आता तुमची पाळी. आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं एका कागदावर लिहा, आणि शेजारी मुळं शोधा. वडगाव सोपं आहे, वट आणि ग्राम. तळेगावात तळं आहे, ते तडागपासून, म्हणजे तिथला ळ ल मधून नाही, ड मधून आलाय. हे ध्यानात ठेवून मळवली घ्या. तिथला ळ ल मधून आला असेल किंवा ड मधून. व म मधून, प मधून किंवा मुळातला. सहा वाटा झाल्या. एकेक तपासायची, आणि जी बाद कराल ती का बाद केली तेही लिहायचं.